हसऱ्या तोंडाचा नकार

आमच्या ह्यांचं तोंड हसरं आहे. हे हसतात असं नव्हे, तोंडाची ठेवणच तशी. ओठांचे कोपरे वर वळलेले, गालात खळी, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. झोपेत बघाल तर वाटेल, कुणीतरी ह्यांना गंमत सांगतंय. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "माणूस कसा प्रसन्न आहे बघ." तिला म्हणायला काय जातंय, संसार मला करायचा होता.

माझ्या आत्येभावाची बायको गेली तेव्हा आम्ही भेटायला गेलो. ह्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि तोंड? तोंड आपलं लग्नाला आल्यासारखं. आत्येभाऊ त्या दिवसापासून आमच्याशी बोलेनासा झाला. घरी आल्यावर मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. हे म्हणाले, "अगं, मी कुठे हसत होतो?" तेही हसऱ्या तोंडानंच म्हणाले. पुढे काय बोलणार, कपाळ?

आमचा धंदा फोटोंना फ्रेमा करायचा आणि काच-आरसे विकायचा. दुकान पुढे, घर मागे, मधे एक पायरी आणि कमरेएवढं अर्धं दार. दुकानात भिंतीभर आरसे टांगलेले, गोल, चौकोनी, लहान, मोठे. मधोमध मेज, त्यावर जुनी घोंगडी. त्या घोंगडीवर काच आडवी टाकायची आणि हिरकणीनं कापायची. हिरकणी म्हणजे पेनाएवढी दांडी, टोकाला हिऱ्याचा कण. एकाच दमात एक सरळ रेघ ओढायची, मग दोन्ही हातांनी दाबलं की काच टक्कन दुभंगते. बाकीच्या काचा भिंतीलगत लाकडी खाचांत उभ्या करून ठेवलेल्या असतात.

ह्या कामात हे वाघ. गिऱ्हाइकासमोर मात्र शेळी. कुणी म्हणालं, "काका, फ्रेम उद्याच पाहिजे," तर हे म्हणायचे, "नाही हो जमणार." पण ते तोंड बघून गिऱ्हाइकाला वाटायचं, काका चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. मग हे जेवण टाकून काम करत बसायचे. मुलगा लहान होता तेव्हाही तेच. नाही म्हणायचं खातं सगळं माझ्याकडे. मुलगा मला टरकून असायचा आणि ह्यांच्या खांद्यावर चढून बसायचा. मी वाईट, हे चांगले. तरी तो शाबूत वाढला, कारण तेव्हा दुकान एका गल्लीत होतं आणि घर दुसऱ्या गल्लीत.

आता तो मालाची गाडी चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. सूनबाई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. त्यांची मुलगी, म्हणजे आमची नात, हिला सगळे टिल्ली म्हणतात. टिल्ली उभी राहायला लागली आणि सूनबाईची रजा संपली. विहीणबाई परगावी असतात. घर मोठं, अंगण मोठं, वेळच वेळ. त्या पहिल्यापासून सूनबाईच्या कानाशी लागलेल्या, "पोरीला माझ्याकडे ठेव, काचांच्या दुकानात कुठे ठेवतेस?" हे म्हणाले, "का म्हणून? आम्ही काय मेलोय?" सूनबाई तयार झाली आणि टिल्ली आमच्याकडे राहिली. तिच्यापायी हे इतके वेडे झाले की ती शिंकली तरी हातातलं काम ठेवून उठायचे.

खेळ सुरू झाला तो ती रांगत होती तेव्हा. फ्रेमांच्या लाकडी पट्ट्यांच्या ढिगाकडे हात नेला की हे म्हणायचे, "नाही हं, नाही." ती थांबायची, वळायची आणि ह्यांच्या तोंडाकडे बघायची. तिथं तर सगळं हसतंय. मग तीही खुदकन हसायची आणि पट्टी धरायची. हे पुन्हा, "नाही, नाही, नाही." ती किंचाळून हसायची आणि पळायची. चालायला लागली तेव्हा तर हा तिचा रोजचा कार्यक्रमच झाला. एखाद्या वस्तूकडे हात न्यायचा, ह्यांच्याकडे बघत वाट बघायची, "नाही" आलं की झडप घालायची आणि जवळच्या आडोशाला लपायचं. कुणी धरायला धावलं तर मजा दुप्पट. हाक मारली तरी आधी लपायचं, मग हसत बाहेर यायचं.

गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. कोपऱ्यावरचा घड्याळवाला तर खास एवढ्यासाठी यायचा. "काका, म्हणा ना परत." आणि हे म्हणायचे. मीसुद्धा हसायची, खोटं कशाला बोलू. एवढीशी पोर डोळे बारीक करून "नाही"ची वाट बघते, हे बघून दगडालाही हसू फुटलं असतं.

सूनबाईला मात्र ते आवडायचं नाही. ती कमी बोलते, पण बोलते ते मोजकं आणि टोचतं. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, हा खेळ नको. तिला शब्द कळत नाही, तुमचं तोंड कळतं. तोंड सांगतं, घे."

"लहान आहे गं. मोठी झाली की कळेल."

"मोठी होईपर्यंत काच थांबणार आहे का?"

मला राग आला. चार पुस्तकं वाचली की सासऱ्याला शिकवायला लागतात, असं मी भांडी आपटत म्हणालेसुद्धा, तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. ती उठून हात धुवायला गेली.

मग ती दुपार आली. केस कापायच्या नव्या दुकानासाठी एक आरसा आला होता, माणसाहून उंच. लाकडी खाचेत मावेना, म्हणून ह्यांनी तो भिंतीला टेकवून उभा केला होता आणि खाली गोणपाटाची घडी दिली होती. नेहमी रबराची पट्टी देतात, पण ती दुसऱ्या काचांखाली अडकलेली. संध्याकाळी न्यायला माणसं येणार होती. एका दुपारचा प्रश्न, म्हणून चाललं. हे मेजापाशी काच कापत होते. मी आतून पाणी घेऊन आले, तांब्या टेकवला, आणि अर्ध्या दाराची कडी माझ्याकडून लागली की राहिली, मला आजही सांगता येत नाही. मी वळून बघते तर टिल्ली दुकानात, त्या आरशासमोर.

आरशात तिला दुसरी पोर दिसली होती. ती तिच्याशी बोलली, तिला थापट मारली, आणि मग ती पोर मागे कुठे आहे ते बघायला आरशाच्या कडेला गेली. दोन्ही हातांनी कड धरली. भिंत आणि आरसा यांच्या मधल्या फटीत डोकं घातलं, एक खांदा घातला. आणि नीट दिसावं म्हणून तिनं कड आपल्याकडे ओढली.

खालचं गोणपाट बोटभर सरकलं. वर भिंतीवर आरशाची कड खर्र करून घासली.

ह्यांनी वर बघितलं. ह्यांच्या तोंडून "ना" एवढं बाहेर आलं, आणि टिल्लीनं डोकं बाहेर काढलं. सगळा चेहरा फुललेला. खेळ सुरू झाला होता. हात तसेच कडेवर, डोळे ह्यांच्यावर, उरलेल्या अर्ध्या शब्दाची वाट बघत. तो शब्द आला की ती ओढणार होती आणि लपणार होती, आणि लपायला जागा एकच होती, आरशामागे.

ह्यांनी शब्द गिळला. मला दिसलं ते गळ्यात. मी पायरीवर होते. धावावं तर ती आत घुसणार, हाक मारावी तरी आत घुसणार. आम्हीच शिकवलेलं सगळं. आणि नेमकी त्याच वेळी सूनबाई रस्त्याकडून दुकानात शिरली, त्या दिवशी लवकर सुटली होती. तिनं बघितलं, तिचं तोंड उघडलं. ह्यांनी तिच्याकडे न बघता एक तळहात वर केला. ती जागच्या जागी थांबली. पर्स खांद्यावरून घसरून कोपरावर आली, ती तिनं तशीच लटकू दिली.

मग ह्यांनी जे केलं ते बघून मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. ह्यांनी टिल्लीकडे पाठ केली आणि सरळ जमिनीवर बसले. हातोडी घेतली, एक फ्रेम मांडीवर घेतली आणि खिळा ठोकायला लागले. पोर काचेखाली, आणि आजोबा खिळे ठोकतायत. मी किंचाळणारच होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ह्यांची नजर खिळ्यावर नाही, समोरच्या भिंतीवर आहे. तिथल्या प्रत्येक आरशात टिल्ली होती. गोल आरशात तिचं डोकं, चौकोनी आरशात हात, खालच्या छोट्या आरशात पाय आणि गोणपाट. हे पाठमोरे बसून सगळं बघत होते. तिला मात्र फक्त ह्यांची पाठ दिसत होती.

टक, टक. ती वाट बघत राहिली. बघणारं कुणी नाही म्हटल्यावर तिनं लक्ष वेधायला पुन्हा ओढलं. खर्र. गोणपाट अजून सरकलं. ह्यांची हातोडी खिळ्याऐवजी बोटावर बसली, तरी हात थांबला नाही. टक, टक. सूनबाई ओठ चावत होती, तिच्या हनुवटीवर रक्त आलेलं मला आरशात दिसलं. टिल्ली "आबा" म्हणाली. पाठ वळली नाही. पुन्हा "आबा". मग तिनं एक हात सोडला. एक अजून कडेवर. त्या एका हातात आमच्या सगळ्यांचा जीव. मग तोही सुटला आणि ती दुडदुडत येऊन ह्यांच्या पाठीवर पडली.

सूनबाईनं झडप घालून तिला उचललं. मी जाऊन दोन्ही हात आरशावर टेकवले आणि अंगाचा भार देऊन उभी राहिले, जणू आता तो पडला तर काही बिघडणार होतं. हे जमिनीवरच बसून राहिले. बोट काळंनिळं झालं होतं.

सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी हिला आईकडे सोडते."

"नको गं," हे म्हणाले. "एकवार माफ कर."

"बघा. आत्तासुद्धा तुम्ही हसताय."

ह्यांनी हात तोंडावर ठेवला. मी आयुष्यात ह्यांना तसं करताना पाहिलं नव्हतं. मला सुनेचा राग आला, ह्यांचा आला, कडीचा आला, आणि तिघांचा एकत्र काढायला मला शब्दच मिळेनात. शेवटी मी म्हणाले, "तोंड ह्यांच्या हातात आहे का? देवानं दिलंय ते." सूनबाई म्हणाली, "आई, काचेला ते सांगून उपयोग नाही." खरं होतं. खरं होतं म्हणूनच इतकं लागलं.

नवरा घरी येईपर्यंत थांबते, असं ती म्हणाली. तोवर टिल्ली नुसत्या "नाही"वर काचेपासून मागे फिरायला शिकली तर राहील, नाहीतर तिची बॅग भरायची. मी विचारलं, एवढ्याशा पोराला इतक्यात कसं कळणार? तर तिनं सांगितलं ते असं. "नाही" फक्त काचेसाठी. बाकी कशासाठीच नाही. एकच शब्द, हळू आवाजात, खाली बसून, तिचा हात काचेपासून बाजूला घेऊन, आणि तोंड स्थिर. पुन्हा हात गेला तर पुन्हा तसंच, न चिडता. ओरडायचं नाही, ओरडलं की पोर माणसाला भिते, काचेला नाही. "आणि आई, तुमचंही दिवसभर नाही नाही चालतं, ते बंद. तिला तो आवाज पंख्यासारखा झालाय."

हे मात्र मला जड गेलं. पोरीनं बादलीत हात घातला, मी "ना" म्हणून जीभ चावली आणि बादली उचलून वर ठेवली. वर्तमानपत्र फाडलं, हातात फडकं दिलं. चप्पल तोंडात घातली, चमचा दिला. सगळं घर कमरेच्या वर गेलं. एवढी वर्षं ज्या शब्दावर संसार हाकला तोच मेला काढून घेतला.

ह्यांची गत तर बघवत नव्हती. दुकानात आरसेच आरसे, तेव्हा सरावाला तोटा नाही. हे गोल आरशासमोर उभे राहून ओठांचे कोपरे बोटांनी खाली ओढायचे, सोडले की ते परत वर. भुवया आवळल्या तर डोळे मिचकावल्यासारखे दिसायचे. गाल आत ओढले तर खळी आणखी खोल. एक बाई फोटो घेऊन आली, तिनं विचारलं, "काका, दाढ दुखतेय का?"

पहिल्या दिवशी ह्यांनी टिल्लीला नाही म्हटलं, ती खदखदून हसली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी रागावून बघायचं म्हणून आवाज चढवला. असा काही दरडावले की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. टिल्ली दचकली, काळीनिळी होऊन रडली, आणि संध्याकाळपर्यंत ह्यांच्याकडे गेली नाही. हे खोलीत आले की माझ्या साडीत तोंड खुपसायची. काचेकडे मात्र हात गेलाच, हे बाहेर गेल्याबरोबर. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

हे येऊन माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "अगं, ती गेली तर गेली, मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन बघून येईन. पण ती इथं राहून माझ्याकडे यायचीच बंद झाली तर?"

"म्हणून काय परत खेळ सुरू करणार?"

"नाही." आणि तोंड बघा तर हसरं. मला हसूही येईना, रडूही येईना. मी म्हणाले, "उठा, काम करा, डोकं थाऱ्यावर येईल." आणि मी पायरीवर बसून बघत राहिले.

ह्यांनी काच घोंगडीवर टाकली, पट्टी ठेवली, हिरकणी टेकवली. रेघ ओढायच्या आधी हे श्वास आत घेतात आणि धरून ठेवतात. ओठ मिटतात. गाल सपाट होतात, खळी जाते. सगळं तोंड नुसतं बघायला लागतं. रेघ संपेपर्यंत तसंच, मग श्वास सुटतो आणि कोपरे वर. लग्न होऊन जन्म गेला, रोज बघते, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी ओरडलेच, "अहो, तेच तोंड."

"कुठलं?"

"काच कापतानाचं. तेच करा तिच्यासमोर."

"काच नसताना कसं होणार?"

"काच नाही कशी? ती हात घालते कशाला मग?"

त्या संध्याकाळी सूनबाई माझ्याशेजारी पायरीवर होती. टिल्ली बिचकत बिचकत दुकानात आली, खाचांकडे गेली आणि एका काचेच्या कडेकडे बोट नेलं. हे तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. तिचं मनगट धरलं, हलकेच. तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, तिच्या बोटाकडे आणि काचेच्या कडेकडे बघत होते, आणि श्वास धरला. मग म्हणाले, "नाही."

एवढंच. पण त्या शब्दाला धार होती. टिल्लीनं मान वर केली. तिनं ह्यांचं तोंड शोधलं, आणि तिथं ते नव्हतं. तिनं दुसरा हात वर केला, एक बोट ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि वर ढकललं. हसवायला. कोपरा वर गेला नाही. तिनं दुसरीकडचा ढकलला. हे तसेच. मला तिकडे बघवेना. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि ती रडायला लागली. दरडावल्यावरचं रडणं वेगळं होतं. हे अगदी हळू होतं, काहीतरी हरवल्यासारखं. ह्यांनी तिला काचेपासून लांब नेलं, जवळ धरायला हात पुढे केले, तर ती सूनबाईकडे गेली.

नंतर हे मागच्या मोरीत तोंड धूत बराच वेळ उभे होते. मी गेले तर म्हणाले, "तिनं ओठ वर ढकलला गं माझा." नळ चालू ठेवूनच रडले. मी पाठीवरून हात फिरवला. अशा वेळी बोलायचं नसतं एवढं मलाही कळतं.

पुढचे दिवस असेच गेले. ती हात न्यायची, हे बसायचे, श्वास, नाही, हात बाजूला. पुन्हा हात, पुन्हा तेच. कधी थांबली, कधी नाही. एकदा थांबली आणि मी टाळ्या वाजवल्या, तर लगेच तिनं काच धरली, टाळ्या मिळतात म्हणून. सूनबाईनं माझ्याकडे असं बघितलं की मी हात पदराखाली घेतले. ह्यांच्याकडे पोर यायची, पण घरात, पायरीच्या अलीकडे. दुकानात लांबून बघायची. सूनबाईनं कपाटावरची बॅग खाली काढून झटकली होती, कोपऱ्यात ठेवली होती. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

त्या दुपारी घड्याळवाला आला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. सूनबाई पायरीवर टिल्लीचे कपडे घडी करत होती, मी तिच्याशेजारी. हे मेजापलीकडे फ्रेमची पट्टी मोजत होते. घड्याळवाल्यानं टिल्लीला बघितलं, अर्ध्या दारावरून उचललं आणि नेऊन काचांच्या खाचांसमोर उभं केलं. "काय गं टिल्ले, बऱ्याच दिवसांत खेळ नाही बघितला. नाही हं, नाही, नाही, नाही," असं म्हणत मान हलवायला लागला आणि खो खो हसायला लागला.

टिल्लीचं तोंड फुललं. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिचा खेळ तिला परत दिला होता. हात पुढे गेला. तिच्या उंचीला एक नवी कापलेली काच होती, तिची कड अजून घासलेली नव्हती. सूनबाई उठली, मी तिचा दंड धरला. का धरला ते विचारू नका, माझ्या हातानं धरला. बोट आणि कड यांच्यात आता नखाएवढं अंतर.

आणि टिल्ली वळली. घड्याळवाल्याकडे नाही. मान पूर्ण फिरवून तिनं मेजापलीकडे ह्यांना शोधलं.

ह्यांना धावायला वेळ नव्हता. हे होते तिथंच खाली बसले, तिच्या उंचीला. ह्यांचा श्वास धरलेला मला दिसला. घड्याळवाला हसतच होता. हे म्हणाले, "नाही."

दुकानात घड्याळवाल्याचं हसणं आणि हा एक शब्द. ती एकदा त्याच्याकडे बघे, एकदा ह्यांच्याकडे. मला वाटलं गेलं सगळं. मग बोट मिटलं. हात खाली आला. ती मागे सरकली, एक पाऊल, अजून एक, आणि मटकन जमिनीवर बसून रडायला लागली.

"काय काका," घड्याळवाला म्हणाला, "एवढ्याशा पोरीला रडवता? कधीपासून इतके कठोर झालात?"

ह्यांना जन्मात कुणी कठोर म्हटलं नव्हतं. सूनबाई धावली, गुडघ्यावर बसून तिनं दोन्ही हात पसरले, "ये गं माझी बाई." मी मागून हात पसरले. टिल्ली रडत रडत उठली. आईच्या हातांजवळून गेली, माझ्यासमोरून गेली, मेजाला वळसा घालून ह्यांच्यापाशी पोचली, ह्यांच्या मांडीवर चढली आणि सदऱ्यात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. ह्यांचे हात हवेतच होते. धरू का, असं ह्यांनी सूनबाईला डोळ्यांनी विचारलं. तिनं मान डोलावली, तेव्हा कुठे धरलं.

घड्याळवाला ओशाळून निघून गेला. टिल्ली रडून दमली आणि तिथंच झोपली. सूनबाई पायरीवर आली, घडी केलेले कपडे उचलून आत कपाटात ठेवले, आणि विहीणबाईंना फोन लावला. दाराआडून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. "नाही गं आई, नाही आणत. इथंच आहे ती. त्यांच्याजवळ आहे."

हे जमिनीवर तसेच बसलेले. पोर जागी होईल म्हणून आवाज काढवेना. भुवया उंचावून मला विचारलं, काय म्हणाली?

"राहतेय," मी सांगितलं.

ह्यांनी टिल्लीच्या डोक्यावर मान वाकवली आणि कितीतरी वेळ वर केली नाही.